फासबिंडरच्या 'अली'ला प्रतिनिधित्वाचे गुण किती द्यायचे?

रेवती_सोलापूर

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा कारकुनी आहे, पण अडलंय.

मी कॉलेजात शिकवते आणि तिथला फिल्म क्लब चालवते. चालवते म्हणजे प्रोजेक्टरची वायर मीच शोधते आणि शेवटी खुर्च्याही मीच लावते. या सत्रात जर्मन दिग्दर्शक राइनर वेर्नर फासबिंडरचा १९७४ चा 'अली: फिअर ईट्स द सोल' दाखवायचा आहे. यंदा नवीन फतवा निघालाय: प्रत्येक सिनेमासोबत 'विविधता व प्रतिनिधित्व' असा तक्ता भरून द्यायचा. रकाने चार: स्त्रिया, वंश व वर्ण, धर्म, इतर वंचित घटक. प्रत्येकाला पाचपैकी गुण. आणि तळाशी, 'चित्रण सकारात्मक आहे का? होय / नाही'. तक्त्यामागचा हेतू वाईट नाही, हे आधीच सांगते. गेल्या वर्षीच्या आमच्या यादीत बायकांना रडण्यापलीकडे काम नव्हतं, हे एका विद्यार्थिनीनेच दाखवून दिलं होतं आणि तिचं बरोबर होतं.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: शहर म्युनिक. एमी कुरोव्स्की ही साठीची विधवा, साफसफाईची कामं करते. पाऊस आला म्हणून एका बारमध्ये शिरते. तिथे मोरोक्कन कामगारांची बैठक. बारमधली एक बाई अलीला डिवचते, जा की, त्या म्हातारीबरोबर नाच. तो खरंच जातो. नाच होतो, तो तिला घरापर्यंत सोडतो, रात्री तिथेच राहतो, पुढे दोघं लग्न करतात. मग तिची मुलं, शेजारणी, किराणावाला, कामावरच्या बायका, सगळे उलटतात. उत्तरार्धात हीच मंडळी एकाएकी गोड होतात, आणि माझी खरी पंचाईत तिथून सुरू होते.

एक प्रसंग सांगते. कामावरच्या बायका एमीच्या घरी येतात. या आधी तिच्याशी बोलायच्या बंद झालेल्या, परदेशी लोक घाणेरडे असतात वगैरे म्हणणाऱ्या. आता एमी अलीला बोलावते आणि त्याचे दंड दाखवते. हात लावून बघा म्हणते. त्या उठतात, त्याच्याभोवती फिरतात, दंड चाचपतात, किती तरुण, किती स्वच्छ म्हणून कौतुक करतात. अली मध्ये उभा, एक शब्द नाही. मग तो निघून जातो. बायका विचारतात, याला काय झालं? एमी सांगते की त्याचे असे मूड असतात, परक्या लोकांची मानसिकता.

आता 'वंश व वर्ण' खाली किती गुण? नायक मोरोक्कन, म्हणून पाच? त्याला बाजारातल्या बैलासारखं दाखवलंय, म्हणून शून्य? की तसं दाखवल्याबद्दलच पाच? आणि हे सगळं करणारी बाई आपल्या जिव्हाळ्याची एमी आहे, तिचं काय?

दुसरं म्हणजे, सिनेमाआधी मुलांना काही सांगावं का? की आधी बघू द्यावं?

जुना_रीळवाला

रेवतीताई, सगळीकडे पाच लिहा, सही करा, सिनेमा लावा. तक्ता फाइलीत जाईल आणि फाइल कपाटात.

पण विचारलंच आहे म्हणून लिहितो. मी हा सिनेमा पहिल्यांदा मॅक्सम्युलर भवनात, म्हणजे जर्मन सांस्कृतिक केंद्रात, १६ एमएमच्या रिळावर पाहिला. त्या वेळी असले रकाने नव्हते. भांडणं मात्र भरपूर व्हायची, खाली चहाच्या टपरीवर. आमच्यातला एक मार्क्सवाला म्हणायचा, हा सिनेमा वर्गाचा आहे. दुसरा म्हणायचा, छे, सरळ प्रेमकथा आहे. मी अजूनही दुसऱ्याच्या बाजूने आहे.

हा सिनेमा मोजायचाच असेल तर कोण किती वेळ पडद्यावर आहे हे मोजू नका. कोण कोणाकडे टक लावून बघतं ते मोजा. एमी पहिल्यांदा बारमध्ये येते तेव्हा सगळे थिजून तिच्याकडे बघतात, ती दाराजवळच्या टेबलाशी बसलेली, मध्ये लांबलचक रिकामी जमीन. इथे परकी कोण? गोरी जर्मन बाई! नंतर तीच नजर अलीवर फिरते: जिन्यातून, जाळीतून, दाराच्या चौकटीतून. आणि बागेतल्या हॉटेलचा तो प्रसंग आठवा. पिवळ्या खुर्च्यांचा सडा, गिऱ्हाईक एकही नाही, मधोमध ही दोघं हातात हात घेऊन, आणि लांब उभे राहून नुसते बघणारे वेटर. एमी तिथे फुटते. रडत रडत त्या सगळ्यांना शिव्या घालते. यापेक्षा स्वच्छ विधान कुठल्या तक्त्यात बसणार?

आणखी एक गंमत. एमीचा ऐतखाऊ, घरात पडून राहणारा, परदेशी लोकांच्या नावाने खडे फोडणारा जावई कोणी केलाय? स्वतः फासबिंडरने. सगळ्यात ओंगळ भूमिका दिग्दर्शकाने स्वतःकडे ठेवली. त्याचे किती गुण?

अभय_म्युनिक

मी पंधराएक वर्षं या गावात आहे, त्यामुळे माझं बघणं थोडं वेगळं होतं. काकांचा नजरेचा मुद्दा पटला. पण मला त्यांच्याइतकं निश्चिंत वाटत नाही.

आधी काळ ध्यानात घ्या. पश्चिम जर्मनीने बाहेरून कामगार आणायचे करार केले: इटलीशी १९५५, तुर्कस्तानशी १९६१, मोरोक्कोशी १९६३. नोव्हेंबर १९७३ मध्ये ही भरती सरकारने थांबवली. सिनेमाचं चित्रीकरण त्याच्या जेमतेम दोन महिने आधी, सप्टेंबर १९७३ मध्ये, दोनेक आठवड्यांत उरकलेलं. त्याच्या आदल्या वर्षी याच म्युनिकमध्ये ऑलिंपिकच्या वेळी इस्रायली खेळाडूंवर हल्ला झाला होता. म्हणजे अरब दिसणारा माणूस रस्त्याने चालला तर लोकांच्या डोक्यात काय येत असेल याचा अंदाज बांधा. त्या वर्षात त्याला मुख्य भूमिकेत घेणं ही लहान गोष्ट नव्हती.

आता खटकतं ते. अली हे त्याचं नावच नाही. पहिल्या रात्रीच तो एमीला खरं नाव सांगतो: एल हेदी बेन सालेम म्बारेक मोहम्मद मुस्तफा. ते त्या नटाचं स्वतःचं नाव. सगळे अली म्हणतात म्हणून तो अली. ठीक, हे सिनेमाने मुद्दाम दाखवलंय, त्यावर बोटही ठेवलंय. पण मग सिनेमाही शेवटपर्यंत त्याला अलीच म्हणतो, आणि पोस्टरवरही. त्याचे बारमधले मित्र घ्या. ते घरी येतात, पत्ते खेळतात, आवाज होतो म्हणून शेजारणी पोलीस बोलावतात. त्यांतल्या एकाचं तरी नाव तुम्हाला आठवतं? कोण कुठल्या गावचा, कोणाची बायको तिकडे वाट बघतेय? काही नाही. उलट जर्मन माणसं बघा. दोन मिनिटांचा किराणावालासुद्धा पुरता माणूस आहे, त्याला धंदा आहे, बायको आहे, चिंता आहे. मोरोक्कन माणूस एकच आणि बाकीची गर्दी, ही मला खरी उणीव वाटते. सिनेमा जर्मन समाजाला आरसा दाखवतो, आणि आरशात मुख्यतः जर्मनच दिसतात.

लग्नानंतर दोघं जेवायला जातात ते हॉटेल, ऑस्टेरिया इटालियाना, शेलिंगश्ट्रासेवर खरोखर आहे. हिटलर इथे जेवायला यायचा, हे एमी कौतुकाने सांगते आणि लगेच मेनूकार्डपुढे आणि वेटरपुढे गांगरते. तिचा बाप नाझी पक्षात होता, तिने स्वतः पोलिश माणसाशी लग्न केलेलं, आणि आता ही मोरोक्कन नवऱ्यासोबत हिटलरच्या आवडत्या हॉटेलात. एका टेबलावर एवढा इतिहास मांडणं फासबिंडरलाच जमतं. माझ्या ऑफिसातले लोक शहर बघायला आलेल्या पाहुण्यांना ते हॉटेल आवर्जून दाखवतात. सिनेमाचं नाव मात्र त्यांच्यातल्या एकानेही काढलं नाही.

सुनंदा_के

सगळे अलीवर तुटून पडलात, बरं आहे. त्या 'स्त्रिया' रकान्यात काय लिहिणार ते कोणीच बोललं नाही.

दोन बायका पुरुषांशिवाय दुसऱ्या विषयावर बोलतात का, अशी एक कसोटी हल्ली लावतात. अमेरिकन व्यंगचित्रकार अॅलिसन बेक्डेलच्या १९८५ च्या व्यंगचित्रातून आलेली. ती हा सिनेमा बसल्या बैठकीला पास होतो: साफसफाईवाल्या बायका जिन्यात डबे उघडून बसतात आणि पगारवाढीचं बोलतात. पण काय बोलतात ते ऐका. तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या हर्झेगोव्हिनाहून आलेली योलांडा ही नवी बाई त्यांच्यात आलीय, तिला पगार कमी, म्हणून तिला बोलण्यात घ्यायचं नाही असं ठरतं. एमी त्यांना सामील होते. ती एमी, जिला याच जिन्यात याच बायकांनी वाळीत टाकलं होतं! कॅमेरा तेव्हा कठड्याच्या गजांतून एमीला दाखवत होता, आता तशाच गजांतून योलांडाला दाखवतो. तर कसोटी पास, माणुसकी नापास. मी हे दृश्य पाहिलं तेव्हा मला माझ्या ऑफिसातला जेवणाचा डबा-ग्रुप आठवला आणि घास गिळवेना.

आणि रेवती, तुझ्या तक्त्यात वय कुठे आहे? एमीचं काम करणारी ब्रिगिटे मिरा १९१० ची, म्हणजे तेव्हा तिने साठी ओलांडलेली. साठीच्या बाईने, तेही मोलकरणीचं काम करणाऱ्या जाड्याभरड्या बाईने, एका रात्रीनंतर सकाळी आरशात स्वतःचा चेहरा निरखणं. आपल्याकडेच काय, तिकडेही असं कोण दाखवत होतं? मिराला या भूमिकेसाठी जर्मन चित्रपट पुरस्कारही मिळाला, ते बरं झालं. मुलांना आई नवऱ्याशी ओळख करून देते तेव्हा मुलगा उठून टीव्हीला लाथ घालतो. त्याचा राग नवरा अरब आहे याचा किती, आणि आईला अजून शरीर आहे याचा किती? माझं मत दुसऱ्याकडे झुकतं. विधवा आत्याने पन्नाशीत नुसतं नाटकाच्या तालमीला जायला सुरुवात केली तेव्हा आमच्या घरात काय झालं होतं ते मी पाहिलंय, आणि तिथे अरब कोणी नव्हता.

जुना_रीळवाला

सुनंदाबाई, टीव्हीची लाथ ही हॉलिवूडचा दिग्दर्शक डग्लस सर्कला दिलेली सलामी आहे. सर्कच्या १९५५ च्या 'ऑल दॅट हेवन अलाउज' मध्ये विधवा आईने माळ्याचा नाद सोडावा म्हणून मुलं तिला टीव्ही भेट देतात. इथे मुलगा तो फोडतो. बाकी तुमच्याशी सहमत, आत्यासकट.

अभयराव, मित्रांना नावं नाहीत हे खरं. पण सिनेमा दीड तासाचा आहे हो, जनगणना नव्हे.

अभय_म्युनिक

काका, किराणावाल्यालाही तेवढाच दीड तास होता.

किरण_माहितीपट

इथे एक गोष्ट यायला हवी, नाहीतर चर्चा पडद्यावरच अडकेल.

एल हेदी बेन सालेम त्या वेळी फासबिंडरचा जोडीदार होता. दोघांची गाठ पॅरिसमध्ये पडली. सालेमची बायको-मुलं उत्तर आफ्रिकेत. त्याच्या दोन मुलांना जर्मनीत आणलं गेलं, पण त्यांची नीट सोय कोणी लावली नाही, आणि ते सगळं फार वाईट रीतीने मोडलं. पुढे फासबिंडरने संबंध तोडला. बर्लिनमध्ये सालेमच्या हातून चाकूहल्ला झाला, तो फ्रान्सला पळाला, आणि १९७७ मध्ये तिथल्या तुरुंगात मेला. फासबिंडरला ही बातमी कळेपर्यंत १९८२ उजाडलं. त्याने आपला शेवटचा सिनेमा 'केरेल' सालेमला अर्पण केला आणि त्याच वर्षी जूनमध्ये, सदतिसाव्या वर्षी, स्वतःही गेला.

व्हायोला शफीक या जर्मन-इजिप्शियन दिग्दर्शिकेने २०११ मध्ये सालेमवर माहितीपट केला. त्याचं नावच 'माय नेम इज नॉट अली'. फासबिंडरच्या गोतावळ्यातली मंडळी सालेमबद्दल कशी बोलतात ते त्यात ऐका. त्याच्या देखणेपणाबद्दल सगळे बोलतात. तो कोण होता याबद्दल बोलताना त्यांची गाडी अडखळते. दंड चाचपणाऱ्या त्या बायका आणि ही मंडळी यांच्यात फार अंतर नाही, असं मला वाटलं.

अली न्हाणीघरात उघडा उभा आहे आणि एमी म्हणते, तू फार सुंदर आहेस. हे दृश्य मला पूर्वी कोवळं वाटायचं. अजूनही वाटतं, पण आता कॅमेऱ्यामागे कोण उभं आहे हेही सोबत दिसतं. म्हणून गुण द्यायचेच असतील तर पडद्यासाठी एक रकाना आणि सेटसाठी एक, असं माझं म्हणणं. पहिल्यात भरपूर. दुसऱ्यात मी काही देणार नाही.

रेवती_सोलापूर

सगळ्यांचे आभार. रात्री बसून सिनेमा पुन्हा पाहिला, वही घेऊन.

किरण, मुलांना हे सिनेमाआधी सांगणार नाही. आधी सांगितलं तर ती अलीला बघणारच नाहीत, सालेमलाच शोधत बसतील. नंतरच्या चर्चेत नक्की. माहितीपट मिळवायच्या खटपटीत आहे.

अभय, तुमच्या मुद्द्याला एक पुरवणी. 'चित्रण सकारात्मक आहे का' याचं उत्तर मला गॅरेजमध्ये सापडलं. भांडणानंतर एमी अलीला शोधत त्याच्या कामावर येते. सोबतचे कामगार विचारतात, ही कोण, तुझी मोरोक्कोची आजी का? सगळे हसतात. आणि अलीही हसतो. एमी तिथेच उभी. अलीला सज्जन, सोशिक, बिचारा ठेवलं असतं तर तक्त्यात 'होय' वर खूण करणं सोपं होतं. फासबिंडर त्याला हलकट होण्याची मुभा देतो. ती मुभा पडद्यावरच्या 'वंचित घटकां'ना फारशी मिळत नाही. म्हणून मी 'होय' आणि 'नाही' दोन्ही खोडून 'पूर्ण माणूस' असं लिहिणार आहे. परत आला तर तक्ता पुन्हा भरू. पण त्याच्या मित्रांचं तुमचं म्हणणं शेऱ्यात घालतेय, जसंच्या तसं.

सुनंदाताई, 'वय' हा रकाना पेनाने आखला. 'धर्म' रकाना मात्र जवळपास कोरा राहिला. एवढ्या परकेपणाच्या सिनेमात धर्मावर कोणी भांडत नाही. लोकांचा राग कातडीवर, स्वच्छतेवर, आवाजावर. आज हा सिनेमा कोणी केला तर पहिल्या दहा मिनिटांत धर्म येईल.

आणि आडनाव! शेजारणी आपसात म्हणतात की हिचं आडनाव कुरोव्स्की, म्हणजे ही तरी कुठे खरी जर्मन. हे वाक्य आमच्या मुलांना मी समजावून सांगायची गरज नाही. पुण्यात खोली शोधताना आडनाव ऐकल्यावर 'कळवतो' असं उत्तर मिळालेली मुलं माझ्या वर्गात आहेत.

एक प्रश्न उरला. शेवटी अली कोसळतो, आणि डॉक्टर सांगतो की पोटात व्रण आहे, परदेशी कामगारांत हे नेहमीचं, ऑपरेशन करू, सहा महिन्यांत पुन्हा येईल. हे खरं होतं की पटकथेची सोय?

अभय_म्युनिक

डॉक्टरांचं नेमकं निदान मी सांगू शकत नाही. पण डॉक्टर त्याच दमात म्हणतो ना, यांना हवापालटासाठी पाठवायची मंजुरी मिळत नाही, म्हणून आम्ही नुसतं कापतो, ते नीट ऐका. हा माणूस कामापुरता आणलेला होता. खोलीत पाच-सहा जण, शिफ्ट, ओव्हरटाइम, महिन्याकाठी घरी पैसे. त्याला कुसकुस, म्हणजे त्याच्याकडचं रव्यासारखं जेवण, हवा असतो तर एमी म्हणते, इथल्या खाण्याची सवय कर. तो कुसकुससाठी बारवाल्या बार्बराकडे जातो. पोट तिथूनच बिघडायला लागलेलं आहे. पटकथेची सोय म्हणा हवं तर, पण ती आधीपासून पेरलेली आहे.

आणि एमी डॉक्टरला काय म्हणते तेही आहे. पुन्हा व्रण होणार नाही, मी बघेन. डॉक्टरच्या चेहऱ्यावर विश्वास दिसत नाही. मलाही खात्री नाही.

जुना_रीळवाला

रेवतीताई, एक तांत्रिक सूचना, मग मी झोपतो. हा सिनेमा जवळजवळ चौकोनी चौकटीत आहे, १.३७ ला १. कॉलेजचे प्रोजेक्टर १६:९ वर लावलेले असतात आणि चित्र आडवं ताणतात. तसं झालं तर दारांच्या चौकटी, जिन्याचे गज, आरसे, ज्यात फासबिंडर माणसं कोंडतो, ते सगळं फाकतं आणि एमी आहे त्यापेक्षा जवळजवळ एक तृतीयांशाने जास्त रुंद दिसते. सेटिंगमध्ये जाऊन 'ऑटो' काढा, ४:३ करा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील, मुलं तक्रार करतील, करू द्या. पिवळ्या खुर्च्या हिरवट दिसत असतील तर रंगाचं तापमानही बघून घ्या, आणि ही तपासणी आदल्या दिवशीच करा.